लॉर्ड रे नक्की कुणाचे कोण? (ब्रिटिश सरदार घराण्यांच्या वंशावळी शोधताना)

गोधडी

मंडळी, जरा मदत हवी आहे.

आजोळचा माळा रिकामा करताना एक चौकट सापडली. काच तडकलेली, मागच्या पुठ्ठ्याला कसर लागलेली, आत एक इंग्रजी पत्र. तारीख एप्रिल १८९०. माझ्या आजीचे आजोबा तेव्हा मुंबई सरकारच्या कचेरीत भाषांतराचं काम करायचे. गव्हर्नरसाहेब विलायतेला परत निघाले तेव्हा त्यांनी चार ओळींत आभार मानलेत, बाकी काही नाही. पण सही एकाच शब्दाची: 'रे'. आद्याक्षर नाही, आडनाव नाही. आणि कागदाच्या माथ्यावर उठावाचं चित्र आहे. कोपरापासून सरळ वर आलेला हात, मुठीत उभा खंजीर.

आजी (वय ९२, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी) सांगते की भाषांतरातल्या कुठल्याशा शब्दावरून साहेबाचं आणि आजोबांचं वाजलं होतं, म्हणून त्याने जाता जाता दम भरला. "खाली आभार, आणि वर चित्र बघ काय काढलंय मेल्याने!" लहानपणी आम्ही त्या चौकटीकडे पाठ करून झोपायचो.

मी शोधायला बसले. 'मिस्टर रे' म्हणून काहीच मिळेना. मग कळलं, गव्हर्नरचं नाव डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावे लॉर्ड रे, जन्म १८३९, गाव हेग. आता मॅके असेल तर सही रे का? स्कॉटलंडचा सरदार हॉलंडात कसा जन्मला? आणि अकरावा म्हणजे कुणापासून अकरावा? या लोकांच्या वंशावळी शोधायची काही रीत आहे का? कुणी केलंय का हे काम?

लोकल_९_०७

रे म्हणजे आपल्या हार्बर लाइनचा रे रोड! तुमच्या आजीच्या आजोबांना धमकी देणाऱ्याच्या नावाच्या स्टेशनावर मी रोज उतरतो. सँडहर्स्ट रोड पण लॉर्डच. आणि एल्फिन्स्टन तर काय, कॉलेज काढलं, स्टेशनला नाव दिलं, माणूस कामाचा होता.

शंकासुर

आजीचे आजोबा म्हणजे तुमचे खापरपणजोबा. आता खापर साहेबावर फुटतंय की साहेबाचं आजोबांवर, ते बघू. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनाट

@लोकल_९_०७, तुमचे एल्फिन्स्टन दोन आहेत. कॉलेजवाला माउंटस्टुअर्ट, पुण्याला पेशव्यांच्या दरबारात रेसिडेंट होता तो, पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. हा अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा, म्हणजे स्वतः लॉर्ड कधीच नव्हता. स्टेशनवाला (आताचं प्रभादेवी) जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० गव्हर्नर. माउंटस्टुअर्टच्या थोरल्या भावाचा मुलगा. काका-पुतणे. आपल्याकडे काका-पुतण्यांचा घोळ नवा नाही, पण निदान ते एकमेकांत मिसळत नाहीत.

लोकल_९_०७

आयला. चाळीस वर्षं चुकीच्या माणसाला श्रेय देत होतो.

वांद्रे_ते_वेम्बली

गोधडीताई, तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे. मी इथे लंडनला आल्यावर सुट्टीच्या दिवशी हाच उद्योग करतो (बायको म्हणते, लोकांच्या पितरांचं श्राद्ध). थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: पदवी म्हणजे आडनाव नव्हे. वरपासून खाली ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन अशा पाच पायऱ्या. (स्कॉटलंडात शेवटच्या पायरीला 'लॉर्ड ऑफ पार्लमेंट' म्हणतात, तुमचे रे त्यातले.) हे लोक सही करताना फक्त पदवी लिहितात. डेव्हनशरच्या ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, आणि राहायला डेव्हनशरमध्ये नाहीतच, डर्बीशरमध्ये चॅट्सवर्थला. नॉर्थम्बरलँडचा ड्यूक पर्सी. वेलिंग्टनचा वेलस्ली. शोध आडनावाने घ्यायचा की पदवीने, हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर तुमच्यासारखं 'मिस्टर रे' शोधत बसायची वेळ येते.

दुसरी गोष्ट: एकाच माणसाचं नाव आयुष्यात तीन-चारदा बदलतं. अर्लचा थोरला मुलगा बाप जिवंत असेपर्यंत बापाची दुय्यम पदवी शिष्टाचार म्हणून वापरतो, बाप गेला की मुख्य पदवी घेतो. धाकटे मुलगे 'ऑनरेबल'. ड्यूकचे धाकटे मात्र 'लॉर्ड' आणि पुढे स्वतःचं नाव. मुलींचं तर विचारू नका. डायना घ्या. १९७५ मध्ये वडील अर्ल स्पेन्सर झाले आणि त्या दिवसापासून ती 'लेडी डायना स्पेन्सर' झाली. यातलं 'डायना' गाळून नुसतं 'लेडी स्पेन्सर' म्हटलं तर ती अर्लची बायको. एक शब्द खाल्ला की मुलीची आई होते.

पुस्तकांचं म्हणाल तर बर्क्स पीअरेज १८२६ पासून निघतंय, त्यात जुन्या पिढ्यांपासून संपूर्ण वंश दिलेला असतो. डेब्रेट्स मुख्यतः हयात लोकांसाठी. या दोन्हींत आपलं घराणं बघायचं आणि…

तिसरी_घंटा

बर्क बघितलं की झालं की! इतकं कशाला?

वांद्रे_ते_वेम्बली

वाक्य तरी पुरं करू द्या :-) बर्कवरच थांबू नका, हेच सांगणार होतो. जुन्या आवृत्त्यांत घराण्यांनी स्वतः कळवलेली माहिती जशीच्या तशी छापलेली आहे. ज्याला त्याला विल्यम द काँकररबरोबर १०६६ मध्ये जहाजातून उतरलेला पूर्वज हवा होता, आणि तो मिळालाही. एकोणिसाव्या शतकातच इतिहासकार फ्रीमनने या दंतकथांवर झोड उठवली होती. भरवशाचं म्हणजे कोकेन यांनी सुरू केलेलं 'कम्प्लीट पीअरेज', दुसरी आवृत्ती १९१० ते १९५९ अशी पन्नास वर्षं निघत होती. त्यातल्या तळटीपा वाचा. मजकुरापेक्षा चहाडखोर आहेत.

चाफेकळी

हे तर आपल्या कुलवृत्तांतांसारखंच झालं. आमच्या कुलवृत्तांतात एक शाखा 'माहिती मिळाली नाही' म्हणून संपते. ती माहिती मिळाली नाही कारण मागायला गेलेल्या काकांचं आणि त्या शाखेचं विहिरीवरून कोर्टात चाललं होतं.

दौत

चाफेकळी, खरी तुलना कुलवृत्तांताशी नाही, इनाम कमिशनशी (इनाम जमिनींचे हक्क तपासणारी इंग्रजांची चौकशी) आहे. सांगतो.

लंडनला 'कॉलेज ऑफ आर्म्स' नावाची कचेरी आहे, १४८४ साली तिसऱ्या रिचर्डने सनद दिलेली. तिथल्या अधिकाऱ्यांची नावं वाचून वाटेल नाटक कंपनी आहे: गार्टर, क्लॅरन्स्यू, रूज ड्रॅगन, ब्लूमँटल, पोर्टकलिस. १५३० ते १६८८ या काळात हे लोक परगण्या-परगण्यांत फिरून घराण्यांची तपासणी करत. जो कोणी ढालीवर चिन्ह मिरवतो त्याने वंशावळ आणि पुरावा घेऊन हजर व्हायचं. सिद्ध झालं नाही तर तो खानदानी नाही म्हणून जाहीर करायचे. आता विचार करा, बोलावणं आल्यावर घरोघरी पूर्वज किती घाईने जन्माला आले असतील! आपल्याकडे १८५० च्या दशकात इनाम कमिशनसमोर सनदा आणि वंशावळी मांडताना जे झालं, तेच. वंशावळ कुणी, कधी आणि कशासाठी लिहून दिली हे आधी विचारायचं, मग ती वाचायची.

टोपीवाला

माझ्या मेहुण्याने ऑनलाइन पैसे भरून स्कॉटलंडात एक चौरस फूट जमीन घेतली आणि लॉर्ड झाला. प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. आता त्याची वंशावळ माझ्या सासऱ्यांपासून सुरू करावी लागेल, ते डोंबिवलीचे.

दौत

मेहुण्यांना माझा मुजरा, पण तसल्या तुकड्याने कुणी लॉर्ड होत नाही. स्कॉटलंडात चिन्हांचा कारभार 'लॉर्ड लायन' पाहतो, तो हे प्रकरण मोजत नाही.

टोपीवाला

त्याला नका सांगू. परवाच व्हिजिटिंग कार्डं छापलीत.

सडाफटिंग

मला एक कळत नाही. ज्यांनी दीडशे वर्षं आपल्याला लुटलं त्यांच्या बापजाद्यांची नावं आपण का पाठ करायची? आपल्या घराण्यांची कागदपत्रं वाळवी खातेय ते बघा आधी. गुलामगिरी डोक्यातून जात नाही हेच खरं.

केळनाकाठचा

@सडाफटिंग, मी भोकरदन तालुक्यातला. आमच्या इथे केळना आणि जुई नदीच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढलेला आर्थर वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. तो कुठून आला हे मला माहीत असावंसं वाटतं, यात गुलामगिरी कसली? ज्याच्याशी भांडण, त्याचं घर माहीत नको?

आणि घर बघायला गेलो तर गंमतच. तो मुळात वेलस्ली नव्हेच. आजोबांचं नाव रिचर्ड कॉली. वेस्ली नावाच्या एका नातलगाची आयर्लंडातली जमीन १७२८ मध्ये वारशाने मिळाली, तर हे वेस्ली झाले. नातू आर्थर फौजेत शिरला तेव्हा वेस्ली, १७९८ पासून वेलस्ली लिहायला लागला. ड्यूकच्या आधी १८०९ मध्ये व्हायकाउंट झाला तेव्हा साहेब स्पेनमध्ये लढाईवर, म्हणून पदवीसाठी गावाचं नाव भावाने निवडलं. आडनावाशी जुळतं म्हणून सॉमरसेटमधलं वेलिंग्टन. म्हणजे कॉली, वेस्ली, वेलस्ली, वेलिंग्टन. आमच्याकडे सातबाऱ्यावर नावात एक वेलांटी चुकली तर सहा महिने तहसीलच्या पायऱ्या झिजवतो आम्ही.

सडाफटिंग

बरं. तुमचं कारण पटलं. बाकीच्यांचं नाही.

बेलापूरची_बेबी

जमिनीसाठी आडनाव बदलणं हा तिथला राष्ट्रीय उद्योग दिसतोय. वर पर्सींचा उल्लेख आलाय म्हणून. आजचे नॉर्थम्बरलँडचे ड्यूक पुरुषांच्या ओळीने बघितलं तर पर्सी नाहीतच, स्मिथसन आहेत. यॉर्कशरचे सर ह्यू स्मिथसन यांनी पर्सींच्या वारस मुलीशी लग्न केलं, १७५० मध्ये पर्सी नाव घेतलं, १७६६ मध्ये ड्यूक झाले. आपल्या भाषेत घरजावई.

पण पुढचं ऐका. या ह्यूसाहेबांना लग्नाबाहेर एक मुलगा होता, जेम्स. आधी आईकडचं नाव लावायचा, मग बापाने टाकून दिलेलं स्मिथसन हे नाव त्याने उचललं. मरताना अशी सोय केली की पुतण्याला मूलबाळ झालं नाही तर सगळी संपत्ती अमेरिकेला, ज्ञानप्रसारासाठी. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन ती हीच. ड्यूकच्या वंशात जे नाव उरलं नाही, ते अनौरस पोराने जगाच्या नकाशावर ठेवलं.

चाफेकळी

अनौरसावरून आठवलं. फॉकलंड रोड ज्या लॉर्ड फॉकलंडवरून आहे (दहावे व्हायकाउंट, गव्हर्नर १८४८ ते १८५३), त्याची बायको अमेलिया फिट्झक्लॅरन्स. आडनावातच सगळी गोष्ट आहे. फिट्झ म्हणजे मुलगा, क्लॅरन्स म्हणजे क्लॅरन्सचा ड्यूक, तोच पुढे राजा चौथा विल्यम. डोरोथिया जॉर्डन या नटीपासून त्याला दहा मुलं झाली, अमेलिया त्यातली धाकटी मुलगी. राजाला दहा मुलं असून त्यातलं एकही गादीवर बसू शकलं नाही, म्हणून १८३७ मध्ये पुतणी व्हिक्टोरिया राणी झाली. विचार करा, राणीची सख्खी चुलतबहीण आपल्या परळच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये राहत होती.

शंकासुर

म्हणजे वंशावळ शोधायची तर आधी आडनावाचा संधिविग्रह करायचा. शाळेत मार्क गेले होते त्याचा सूड.

जुनाट

मुद्द्याचं बोलू. तिथला वारसाहक्क आपल्यापेक्षा वेगळा चालतो, तो समजला नाही तर वंशावळ वाचताच येत नाही. पदवी बहुधा ज्या राजपत्राने दिली त्यात लिहिलेलं असतं, 'स्वतःच्या देहापासून झालेले पुरुष वारस'. मुलगी नाही, लग्नाआधी झालेला मुलगा इंग्लंडात नाही (मागाहून आईबापांनी लग्न केलं तरी), आणि दत्तक तर मुळीच नाही. आपल्या संस्थानांत दत्तकावर गाद्या चालल्या. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा केली ती याच लोकांनी. ती निव्वळ राजकीय चाल होती हे खरंच, पण ज्यांच्या स्वतःच्या घरात दत्तकाला लॉर्ड होता येत नाही त्यांना ती अन्यायाची वाटली नसेल, असं माझं मत.

दौत

पटत नाही. झाशी-साताऱ्याच्या दत्तकाला धर्मशास्त्राचा आधार होता आणि कंपनीने आधी कितीतरी दत्तक मान्य केले होते. त्यांना कळत नव्हतं असं नाही. सोयीचं होतं तेव्हा कळलं नाही.

जुनाट

मान्य. 'वाटली नसेल' मागे घेतो.

कोपऱ्यातली_खुर्ची

वकील म्हणून भर घालतो. वारसाहक्काचा दावा लागला की तो लॉर्ड्स सभागृहाच्या विशेषाधिकार समितीपुढे चालायचा, आणि तिथल्या निकालांत सोनं भरलेलं आहे. मला सगळ्यात आवडतो तो सिन्हांचा दावा. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा, १९१९ मध्ये रायपूरचे (बंगालमधलं बीरभूम, आपलं छत्तीसगढचं नव्हे) बॅरन सिन्हा, वंशपरंपरागत लॉर्ड झालेले पहिले भारतीय. ते वारल्यावर मुलाने पदवी मागितली, तर प्रश्न असा निघाला की बापाचं लग्न हिंदू पद्धतीने झालेलं, ज्यात तेव्हा दुसरी बायको करायला कायद्याची हरकत नव्हती. मग इंग्लंडच्या कायद्यात हे 'लग्न' धरायचं का? सिन्हांनी दुसरं लग्न केलेलं नव्हतं, शिवाय पुढे ते ब्राह्मो समाजात गेले होते, जिथे एकच बायको. १९३९ मध्ये समितीने मुलाचा हक्क मान्य केला. आईबापांचं लग्न खरं आहे हे सिद्ध करण्यासाठी मुलाला लॉर्ड्सपर्यंत जावं लागलं, हे मात्र टोचतं.

उलट आपले सर जमशेटजी जीजीभाई बघा. १८५७ मध्ये बॅरोनेट. (बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरेने चालणारा 'सर', लॉर्ड नव्हे. १६११ पासूनचा प्रकार.) पारशी नावांत मधलं नाव बापाचं, पिढीगणिक बदलणार, मग ओळखायचं कसं? १८६० मध्ये खास कायदाच केला: जो कोणी वारस होईल त्याने स्वतःचं नाव सोडून 'जमशेटजी जीजीभाई' हेच नाव घ्यायचं. त्यामुळे त्या घराण्याची वंशावळ काढायला बसलात तर पानभर एकच नाव.

लोकल_९_०७

आधार कार्डाचं काय होत असेल?

वांद्रे_ते_वेम्बली

दाव्यांचं निघालंच आहे तर टिचबोर्नशिवाय हा धागा अपुरा. १८५४ मध्ये रॉजर टिचबोर्न नावाचा बॅरोनेटचा वारस दक्षिण अमेरिकेजवळ जहाजासकट बुडाला. आईचा विश्वास बसेना, तिने जगभर जाहिराती दिल्या. १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा गावचा एक खाटीक 'आई, मी आलो' म्हणून उभा राहिला. रॉजर पॅरिसमध्ये वाढलेला, फ्रेंच त्याची बोली. याला फ्रेंचचा एक शब्द येईना. रॉजर शिडशिडीत, हा अगडबंब. आईने तरी ओळखलं! ती वारली, मग दावे चालले, १८७४ मध्ये याला चौदा वर्षांची शिक्षा झाली. १८९८ मध्ये मेला तेव्हा शवपेटीवर पाटी मात्र सर रॉजर टिचबोर्नचीच होती.

तिसरी_घंटा

म्हणजे त्यांचा तोतया सदाशिवरावभाऊ!

जुनाट

+१. आणि तिकडेही हजारो लोकांना तोतयाच खरा वाटत होता.

कोपऱ्यातली_खुर्ची

आता तोतयाचा निकाल थुंकीवर लागतो. प्रिंगल घराण्याचं प्रकरण बघा. कुळाचा प्रमुख कोण हे ठरवताना डीएनए तपासले, तर दहाव्या बॅरोनेटचा डीएनए बाकीच्या प्रिंगलांशी जुळेना. म्हणजे दोन पिढ्यांमागे आठव्या बॅरोनेटचा थोरला मुलगा त्याचा नव्हताच. २०१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा पुरावा धरून पदवी दुसऱ्या मुलाच्या शाखेकडे दिली. दहाव्याने आयुष्यभर पदवी लावली, त्याच्या मुलाला मिळाली नाही.

बेलापूरची_बेबी

बायकांची ओळ जास्त खात्रीची, ती अशी. तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरला मोटारतळाखाली सापडला. ओळख पटली ती त्याच्या बहिणीच्या, मग तिच्या मुलीच्या, अशा मायलेकींच्या ओळीने आलेल्या वंशजामुळे. कॅनडात वाढलेला, लंडनमध्ये फर्निचर करणारा माणूस, आणि राजाची शवपेटीही त्यानेच केली. उलट पुरुषांच्या ओळीने ज्यांची वंशावळ छापील आणि झळझळीत, त्या रिचर्डशी एकच मूळपुरुष सांगणाऱ्या ब्यूफर्टच्या ड्यूकच्या घराण्यातले पाच जण तपासले तर रिचर्डशी एकही जुळला नाही. मधल्या चारशे वर्षांत कुठेतरी पाळणा हलला होता.

डायनाच्या आईकडच्या ओळीत सुरतेची एलायझा केवार्क निघाली ती पण अशीच. थिओडोर फोर्ब्स या कंपनीच्या माणसाच्या घरी राहायची. कागदोपत्री आर्मेनियन. मुलगी कॅथरीन १८१२ ची, तिला स्कॉटलंडला पाठवून दिलं, एलायझा इथेच राहिली. २०१३ मध्ये डीएनएवरून जाहीर झालं की त्या ओळीत भारतीय रक्त आहे. मुलीच्या मुलीच्या मुलीतून ते विल्यम-हॅरीपर्यंत आलं, पण आईकडूनच जाणारा हा डीएनए असल्यामुळे त्यांच्यापुढे जाणार नाही.

सडाफटिंग

म्हणजे इंग्लंडच्या गादीवर आपल्या सुरतेचा… बरं बरं. धागा चालू द्या.

गोधडी

बापरे, दोन दिवस आले नाही तर इथे वाडाच उभा राहिला! सगळ्यांचे आभार. पण माझे रे कुठे गेले?

वांद्रे_ते_वेम्बली

घ्या रे. कालच कम्प्लीट पीअरेज घेऊन बसलो होतो.

पहिला लॉर्ड रे सर डोनाल्ड मॅके, १६२८. उत्तर स्कॉटलंडचा, युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात माणसं घेऊन लढायला गेलेला. दुसऱ्या लॉर्डचा एक धाकटा मुलगा हॉलंडच्या नोकरीतल्या स्कॉट्स ब्रिगेडमध्ये गेला आणि त्याची शाखा तिथेच रुजली. दोनशे वर्षं डच बोलत, डच बायका करत राहिली. इकडे थोरल्या शाखेतल्या सातव्या लॉर्डने १८२९ मध्ये जमीनजुमला सदरलँडच्या घराण्याला विकून टाकला, आणि नववा १८७५ मध्ये लग्न न करताच गेला. मग पदवी वारसाने गेली थेट हॉलंडला. दहावा लॉर्ड रे म्हणजे तुमच्या गव्हर्नरचा बाप. तो वर्षभरात वारला, १८७६ मध्ये तुमचा डोनाल्ड अकरावा. आधी हॉलंडच्या संसदेत बसलेला माणूस १८७७ मध्ये ब्रिटिश नागरिक झाला आणि १८८५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर. उत्तर स्कॉटलंडातली वडिलोपार्जित जमीन हातात नाही, पण लॉर्ड.

शेपूट अजून मजेचं आहे. स्कॉटिश लॉर्डला लॉर्ड्स सभागृहात आपोआप जागा नसे, म्हणून १८८१ मध्ये त्याला वेगळी 'बॅरन रे' पदवी दिली. नाव तेच, पदव्या दोन. त्याला मूल झालं नाही. १९२१ मध्ये तो वारला तेव्हा नवी पदवी त्याच्याबरोबर संपली, आणि जुनी परत हॉलंडमधल्या भाऊबंदांकडे गेली. कुणी 'लॉर्ड रेची पदवी १९२१ मध्ये संपली' म्हणेल, कुणी 'नाही संपली' म्हणेल, दोघेही बरोबर.

चाफेकळी

पुण्याची रे मार्केट याच रेच्या नावाची. आताची महात्मा फुले मंडई. पदवी नसली तरी भाजी चालू आहे.

गोधडी

किती सुंदर उलगडलंत! मग सही 'रे' का ते कळलं, हेग कळलं, अकरावा कळला. राहिला तो खंजीर. आजी रोज विचारते, "सापडलं का भांडण?"

दौत

चित्राचा फोटो टाका. आणि कडेने काही अक्षरं आहेत का बघा. शक्यतो बाजूने उजेड पाडून, उठाव नीट दिसतो.

गोधडी

काच काढली. मोबाइलचा टॉर्च आडवा धरला. हाताभोवती पट्टी आहे आणि त्यावर दोन शब्द. मानु फोर्टि. फोटो जोडला आहे.

दौत

ताई, ते मॅके घराण्याचं शिरचिन्ह आहे. कोपरापासून उभा हात, मुठीत खंजीर, आणि लॅटिन ब्रीद 'मानु फोर्टि' म्हणजे 'बळकट हाताने'. त्यांच्या कागदांवर असायचंच. साहेबाने आभाराचं पत्र स्वतःच्या घरच्या कागदावर लिहिलं, सरकारी कागदावर नाही. खरं तर हा मान झाला.

शंकासुर

शंभरावर वर्षं पाठ करून झोपलात तुम्ही लोक. मानाकडे.

गोधडी

आईला वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान आहे. पण आजीला सांगू नकोस, तिची गोष्ट जास्त चांगली आहे."

मी तरी सांगितलंच. आजी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "घरच्या कागदावर ना? मग भांडणही घरगुतीच असणार."